वजन उतरवायचे तर आधी किराण्याची यादी

४ मार्च हा दिवस जगभर लठ्ठपणा दिन म्हणून पाळला जातो. कळवण तालुक्यात त्याची फारशी वार्ता नसते आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. पेठ, सुरगाणा आणि कळवण हे नाशिक जिल्ह्यातले अनुसूचित क्षेत्रातले तालुके. इथे माणसाच्या वजनाचा काटा म्हटला की अंगणवाडीतला काटा आठवतो. बाळाचे वजन भरते का, गरोदर बाईचे वजन महिन्यागणिक वाढते का, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची काळजी. जिथे अजून मुले कमी वजनाची जन्मतात, तिथे सुटलेल्या पोटावर अग्रलेख लिहायचा, हे अनेकांना शहरी चोचले वाटतील. पण या समजुतीची किंमत आता आपण मोजू लागलो आहोत. कळवण, अभोणा, कनाशी, कुठल्याही बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहावे. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या मागणाऱ्यांत कष्टकरी घरांतली माणसे दिसतात, आणि त्यांतली बरीचशी चाळिशीचीसुद्धा नसतात.

आकडे काय सांगतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. त्याच फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक मुले खुरटलेली आढळली आणि निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. हे दोन आकडे दोन वेगळ्या गावांचे आहेत असे मानण्याची सवय आपण सोडली पाहिजे. अनेकदा ते एकाच घरातले असतात. लेक अशक्त, सून पांढुरकी, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाचा पट्टा दर वर्षी एक भोक पुढे.

हे कसे होते, याचा सर्वांत मोलाचा शोध पुण्यात लागला, ही आपल्या राज्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. तिथली नवजात बाळे युरोपातल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती. पण ती हलकी होती ती हाडामांसाने. चरबी मात्र त्यांनी बऱ्यापैकी राखली होती. आईच्या पोटात जे मिळाले नाही त्याची तूट स्नायूंनी सोसली आणि चरबी जपली गेली. अशी मुले मोठी होऊन त्यांना थोडे बरे दिवस आले, की वरचे अन्न आधी पोटाभोवती साठते आणि मधुमेह कोवळ्या वयात गाठतो. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिक यांनी आपला आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिक यांची २१ टक्के. कपड्यांत दोघेही सडपातळच दिसतात.

कळवणच्या दृष्टीने या शोधाचा अर्थ फार गंभीर आहे. ज्या तालुक्याने उपासमार पाहिली, त्या तालुक्याला लठ्ठपणाचा धोका कमी नसून जास्त आहे. युरोपातल्या माणसाला जे वजन पचते ते आपल्याकडच्या माणसाला पचेलच असे नाही. म्हणूनच भारतीयांसाठी मोजमाप वेगळे धरतात. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. त्याहून सोपे माप कमरेचे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर हातपाय काटकुळे असले तरी सावध व्हावे. हे माप शिंप्याच्या टेपने घरी घेता येते. ‘मी कुठे जाड आहे?’ असे म्हणणाऱ्या अनेकांना ते खरे उत्तर देईल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत, पोटाचा लठ्ठपणा जवळपास ४० टक्के प्रौढांत आढळला होता.

मग आपल्याकडे बदलले काय? कामही बदलले आणि ताटही. नांगरामागे चालणारा शेतकरी ट्रॅक्टरवर बसला. पाणी डोक्यावरून येत होते ते अनेक घरांत नळाने येऊ लागले. हे सगळे चांगलेच झाले. बायकांच्या मानेवरचा हंडा परत यावा असे कोणीही म्हणू नये. वाडीवरून बाजारला यायला पायवाट होती, तिथे दुचाकी आली. पिकअप चालवणारा, बाजार समितीतला मुनीम, दुकानात दिवसभर बसणारा, शाळेतला शिक्षक, यांचे अंग दिवसभर हलत नाही. मार्चमध्ये उन्हाळ कांद्याची काढणी सुरू होते. त्या दोन-अडीच महिन्यांत मजुरांच्या अंगातला घाम निघतो हे खरे, पण काढणी संपल्यावर कामाचे दिवस रोडावतात आणि खाणे मात्र तितकेच राहते.

ताटाचे तर पाहायलाच नको. पश्चिम पट्ट्यातल्या कोकणा, भिल्ल, महादेव कोळी घरांत नागलीची भाकरी, उडदाचे किंवा कुळथाचे वरण, वरईचा भात, पावसाळ्यात करटोली, शेवळे, आळिंबी असे खाणे असे. आज रेशनवर माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. या धान्याने लाखो घरांतली चूल पेटती ठेवली, त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण हे धान्य म्हणजे मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ विकत, भाजी विकत, अंडे विकत. जे फुकट ते भरपूर आणि जे विकत ते चिमूटभर, असे ताट आपोआप तयार होते. २०२२ च्या दिवाळीत सरकारने ‘आनंदाचा शिधा’ शंभर रुपयांत दिला. त्या पिशवीत रवा, साखर, पामतेल आणि हरभरा डाळ होती. चार जिनसांत अंगाला खऱ्या अर्थाने लागणारी एकच, डाळ. सणाला गोडधोड व्हावे हा हेतू चांगलाच होता. पण रोजच्या ताटाचा तोल कुठे ढळला आहे, ते त्या पिशवीत स्पष्ट दिसले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत म्हटले आहे की रोजच्या कॅलरींपैकी तृणधान्यांतून ४५ टक्क्यांहून जास्त येऊ नयेत. प्रत्यक्षात आपल्याकडे हा वाटा ५० ते ७० टक्के असतो. म्हणजे वजन कमी करण्याची सुरुवात कुठून करायची याचे उत्तर आपल्या देशाच्या पोषणशास्त्रज्ञांनीच दिले आहे. भाकरी, भात, साखर यांचा वाटा थोडा घटवायचा आणि कडधान्ये, भाजी, अंडी, ताक यांचा वाढवायचा. प्रश्न उरतो पैशाचा, आणि आमचे सगळे म्हणणे त्याच प्रश्नाभोवती आहे.

वजन घटवणे ही पैसेवाल्यांची गोष्ट आहे, असे बाजार आपल्याला पटवून देत आला आहे. मार्च २०२५ मध्ये भारतात वजन उतरवणारे मौंजारो हे इंजेक्शन आले तेव्हा त्याच्या सर्वांत कमी मात्रेची एक कुपी ३,५०० रुपयांना होती आणि ती आठवड्याला एक लागते. म्हणजे महिन्याला १४,००० रुपये. त्याच वर्षी रोजगार हमीवर महाराष्ट्रात दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. पंचेचाळीस दिवस राबले की एका महिन्याचे औषध. काही गंभीर रुग्णांसाठी हे औषध खरोखर उपयोगी आहे आणि त्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यावा. पण जेवणाऐवजी शेक प्या, महिन्यात दहा किलो उतरवा, अशी पावडर ओळखीपाळखीतून गावोगाव विकली जाते, तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. पोषण संस्थेच्या त्याच तत्त्वांत प्रथिनांच्या पावडरी टाळायला सांगितले आहे. डबा संपला की खाणे पूर्ववत होते आणि उतरलेले वजन परतते. गेलेले पैसे तेवढे परतत नाहीत. हातगाडीवर किंवा ओळखीच्या वैदूकडे मिळणारी, वेष्टनावर घटक न लिहिलेली चूर्णे तर कोणीच घेऊ नयेत.

फुकटात वजन उतरवण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्राने केलेला आहे आणि तो मराठी माणसानेच सांगितलेला आहे. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला विचार लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेला. कडकडून भूक लागते अशा दिवसातल्या दोनच वेळा ओळखा, त्याच वेळी जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधे काही खाऊ नका आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. साताठ वर्षांपूर्वी राज्यभर त्यांच्या व्याख्यानांना गर्दी लोटली. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खा, आपल्या भागात पिकते ते खा, असे सांगत होत्या. दोन वेळा की दर दोन तासांनी, या वादावर मराठी घरांत बरीच डोकेफोड झाली. आमच्या मते कळवणच्या माणसासाठी हा वाद दुय्यम आहे. कांद्याच्या वावरात निंदणाऱ्या बाईला दर दोन तासांनी डबा उघडता येत नाही. तिची सकाळची न्याहारी आणि संध्याकाळचे जेवण या तिच्या कामाने ठरवलेल्या वेळा आहेत, आणि दोन वेळांची पद्धत तिला सहज जमते. टपरीवर बसणाऱ्याला मात्र खाण्यामधल्या वेळेचीच खरी अडचण आहे. महत्त्वाचे हे की दोघांनीही बाजारातला डबा विकत घ्यायला सांगितला नाही. घरचे अन्न, मोजके, आणि चालणे, यावर दोघांचे एकमत आहे.

आता घरचा हिशेब मांडू. पाच माणसांच्या साध्या घरात महिन्याला ५ लिटर तेल आणि ५ किलो साखर जाते असे धरा. माणशी दिवसाला सुमारे ३० ग्रॅम तेल आणि ३३ ग्रॅम साखर झाली. पोषण संस्था साखरेची मर्यादा २० ते २५ ग्रॅम सांगते. त्यात लहान मुलांच्या वाट्याचे कमी आणि चहा पिणाऱ्या मोठ्यांच्या वाट्याचे जास्त, म्हणजे मोठ्यांचा आकडा याहून वर. आता तेल साडेतीन लिटरवर आणा आणि साखर अडीच किलोवर. एवढ्यानेच माणशी रोजच्या दीडशे कॅलरी कमी होतात. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये देशाला तेल दहा टक्के कमी करायला सांगितले होते. आमचे म्हणणे त्याहून थोडे पुढचे आहे, कारण आपल्याकडे तेलाची बाटली थेट कढईत उपडी होते. महिन्याचे तेल पहिल्या तारखेला मोजून वेगळ्या डब्यात काढावे आणि फोडणीला पळीच वापरावी. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये.

पैशात पाहिले तर दीड लिटर तेलाचे साधारण २०० रुपये, अडीच किलो साखरेचे शंभरेक रुपये वाचतात. बिस्किटे, खारी, फरसाण, मुलांच्या हातातली पाच-दहा रुपयांची पाकिटे यांवर रोज १५ रुपये जात असतील तर महिन्याचे ४५० झाले. ते निम्मे केले तरी सव्वादोनशे. ही सगळी बेरीज सव्वापाचशे-साडेपाचशे रुपयांवर जाते. एवढ्यात आजच्या भावाने तीन किलो मठ, मसूर किंवा हरभरा येतो आणि वर तीस-पस्तीस अंडी. भाव आठवड्याला हलतात, दुकानादुकानात फरक असतो, पण हिशेबाचा रोख बदलत नाही. घराबाहेरून एक रुपयाही न आणता, यादीतल्या एका ओळीतले पैसे दुसऱ्या ओळीत न्यायचे आहेत. तुटपुंज्या पैशात वजन उतरवण्याची हीच वाट आम्हाला भरवशाची वाटते.

एकट्या माणसाचेही पाहू. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे १६० कॅलरी नुसत्या साखरेच्या. दोन कप, एकेक चमचा केला तर उरतात ४०. चहाबरोबरची चार बिस्किटे सोडली तर शंभरेक कॅलरी गेल्या. रात्रीच्या जेवणात एक मोठी भाकरी कमी करून तिच्या जागी वाटीभर मोड आलेल्या मठाची उसळ आणि पालेभाजी घेतली, तर कॅलरी थोड्या घटतात आणि पोट मात्र जास्त वेळ भरलेले राहते. रोज पाऊण तास चालण्याचे दीडशे-पावणेदोनशे धरा. कागदावर ही बेरीज दिवसाला चारशेच्या वर जाते, आणि आठवड्याला तीन-चारशे ग्रॅम वजन उतरायला तेवढी पुरते. प्रत्यक्षात शरीर काटकसर करू लागते, त्यामुळे घट थोडी कमी दिसेल. त्याने निराश होऊ नये. पोषण संस्था आठवड्याला अर्धा किलोची घट सुरक्षित मानते, आणि दिवसाला हजार कॅलरींच्या खाली कोणी जाऊ नये असे बजावते.

दारूबद्दल मोकळेपणाने बोललेच पाहिजे, कारण वजनाच्या चर्चेत ती नेहमी सुटते. एका क्वार्टरमध्ये चारशेच्या घरात कॅलरी असतात, म्हणजे दोन मोठ्या भाकरींइतक्या, आणि सोबतचे शेव-फरसाण वेगळे. आठवड्यातून चार वेळा बसणाऱ्या माणसाने तेल-साखरेचा हिशेब करण्याआधी हा हिशेब करावा. घरातल्या डाळीचे, मुलांच्या अंड्याचे पैसे तिथेच गेलेले असतात. मोहाची घरगुती दारू स्वस्त असली तरी कॅलरींच्या बाबतीत तिला सूट नाही.

नागलीकडे परत जा, असे आता सगळेच सांगतात. आम्हीही सांगतो, पण थोडे सांभाळून. नागलीत गव्हाइतक्याच कॅलरी असतात. नागलीच्या चार भाकरी खाऊन वजन उतरणार नाही. तिचा गुण वेगळा आहे. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, चोथा भरपूर असतो, आणि तिची एक भाकरी पांढऱ्या भातापेक्षा जास्त वेळ तग धरते. तीच गोष्ट उपवासाची. सप्तशृंगीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या लोकांना नवरात्र, चतुर्थी, एकादशी यांचे महत्त्व सांगायला नको. पण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचे कूट आणि तूप, वर तळलेले पापड आणि वेफर. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे म्हणणाऱ्या पूर्वजांनी सगळे पाहिलेले होते. उपवास करायचाच तर भगर, ताक, फळ आणि थोडे शेंगदाणे यांवर करावा.

चालण्यासाठी कळवणकरांना बाहेरचा आदर्श शोधावा लागत नाही. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव भरतो आणि धुळे, जळगाव, नंदुरबारकडून खानदेशातले भाविक उन्हातान्हात पायी येतात. साठीच्या म्हाताऱ्या बायका नांदुरीचा घाट चढतात. २०१८ पासून गडावर रज्जुमार्गाची सोय झाली आहे आणि म्हाताऱ्या, आजारी माणसांना तिचा मोठा आधार आहे. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी मात्र पायऱ्याच चढाव्यात. वर्षातून एकदा चालून मात्र भागत नाही. आठवड्यातले पाच दिवस, अर्धा-पाऊण तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालणे, एवढे पुरे. ज्यांचे शेत मैल-दीड मैलावर आहे त्यांनी दुचाकी घरी ठेवावी, पेट्रोलही वाचेल.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट आम्हाला टोचते. वजनाचे सल्ले ऐकायचे बाईने, स्वयंपाक बदलायचा बाईने, आणि चालायला वेळही तिलाच मिळत नाही. ती शेवटी जेवते, उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तो तिच्याच पोटात जातो, आणि डाळीचा तळ तिच्या वाट्याला येतो. म्हणून तिच्या अंगात रक्त कमी आणि पोटावर चरबी, अशी दोन दुखणी एकत्र येतात. घरातल्या पुरुषाने तेल मोजावे, भांडी आवरावी, आणि तिला पहाटे पाऊण तास मोकळा द्यावा. ग्रामपंचायतीने निदान एका रस्त्यावर दिवे चालू ठेवावेत, म्हणजे चार जणी मिळून न घाबरता चालू शकतील. दिव्याचा खर्च कोणत्याही व्यायामशाळेच्या उद्‌घाटनापेक्षा कमी आहे.

कोणी वजन उतरवू नये, हेही नीट सांगितले पाहिजे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी जेवण कमी करू नये. त्यांच्या ताटात आज जे पडते त्यावर पुढच्या पिढीची चरबी आणि मधुमेह ठरतो, हे याज्ञिकांच्या कामाने दाखवून दिले आहे. अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस जेवण मिळते. तो त्यांचा हक्क आहे, तो त्यांनी सोडू नये. काही न करता वजन उतरू लागले, खोकला दोन आठवड्यांहून लांबला, तर आनंद मानू नये; आधी क्षयाची तपासणी करावी. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाच्या वेळा मनाने बदलल्या तर साखर एकदम उतरून बेशुद्धी येऊ शकते. सिकलसेलच्या रुग्णांनी कडक उपवास आणि पाणी तोडणे टाळावे. या सर्वांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

हा सारा भार एकेका घरावर टाकून सरकारने मोकळे व्हावे, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. तमिळनाडूत रेशनवर स्वस्त तूरडाळ मिळते. कर्नाटकात रेशनवर नागली आणि ज्वारी दिली जाते. ओडिशाने २०१७ पासून आदिवासी जिल्ह्यांत भरडधान्यांची मोहीम चालवून शेतकऱ्याकडून नागली विकत घेतली आणि ती रेशनकार्डावर परत लोकांच्या घरी पोचवली. नाशिकमध्येच मुख्यालय असलेले आदिवासी विकास महामंडळ १९७२ पासून उभे आहे, आधारभूत भावाने धान्य खरेदीचा त्याला अनुभव आहे. कळवणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, त्याच्या हाताखाली आश्रमशाळा आहेत. मग आपल्याच डोंगरउतारावर पिकलेली नागली आपल्याच आश्रमशाळेच्या ताटात आणि आपल्याच रेशन दुकानात का येऊ नये? माणशी पाच किलो धान्यातले एक किलो डाळीचे असावे, ही मागणी ग्रामसभांनी ठरावाने करावी. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेच्या ठरावाला पेसा कायद्याने वजन दिलेले आहे. ते वापरायची ही योग्य जागा आहे.

अखेरीस, फार मोठे ध्येय ठेवू नये. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसता आहार सुधारला आणि चालणे वाढवले, तर मधुमेह होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी घटले, आणि तेही वजनात मोठी घट न होता. ७५ किलोच्या माणसाने वर्षभरात चार किलो उतरवले आणि ते तिथेच राखले, तर ती खरी कमाई समजावी.

तीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी होते. आशाताई घरी येऊन जो तक्ता भरतात त्यात कमरेचे मापही असते. ते संकोच न करता त्यांना घेऊ द्यावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वाचकांना आमची विनंती एवढीच: येत्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला घेऊन उपकेंद्रात जा, कंबर, रक्तदाब आणि साखर मोजून घ्या, आणि पुढच्या महिन्याची किराण्याची यादी लिहिताना ते तिन्ही आकडे समोर ठेवा.